कातळावरची दोन पानं

"औंदा पान उठलं न्हाई, तर तिला चार महिने पिंपळे गुरवला धाडू. मागनं बघू काय ते."

मोठी आई हे माझ्या आईच्या कानात म्हणाली. पण आईच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं, त्यामुळे कानात सांगायची गोष्ट तिला जरा मोठ्यानंच सांगावी लागली. आम्ही कंपनीच्या मागच्या गेटवर उभ्या होतो. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. आमच्या घरचं देवाधर्माचं सगळं तिच्या शब्दावर चालतं.

"डोक्यावर पदर हाय, त्याच्यावर आनी ह्ये टोपडं कशाला?" आपलं हेल्मेट हातात फिरवत तिनं वॉचमनला विचारलं. "आसरा काय वरनं दगुड टाकनार हायत?"

"आसरा नाही टाकत मावशी, क्रेनवाला टाकतो," तो म्हणाला. तो मराठवाड्याकडचा होता. "घाला बरं. नाहीतर मलाच बोलतेत."

आई हसली. वहिनी दोन पावलं मागे होती. हनुवटीखालचा पट्टा ती लावत होती, सोडत होती, पुन्हा लावत होती. तिनं ऐकलं होतं की नाही, ते मला कळलं नाही. पिंपळे गुरवला तिचं माहेर आहे.

चाकणच्या आसपासची आमची वावरं औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळा कातळ, त्याच्या पोटातला झरा आणि झऱ्याकाठचे शेंदूर फासलेले सात दगडही गेले. ते दगड म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या बायका. ठेकेदाराचा पोकलेन त्या कातळापाशी आला आणि बंद पडला, पुन्हा आणला तर पुन्हा बंद पडला, म्हणून कातळ वाचला, असं आमच्याकडे सांगतात. वॉचमन म्हणतो, नकाशातच ती जागा मोकळी सोडलेली होती. खरं काय ते असो. कातळ आता भंगाराच्या यार्डापलीकडे, कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा आहे. माघातल्या एका मंगळवारी आमच्या घरच्या बायका गळ्यात व्हिजिटर पास अडकवून तिथे जातात. पुरुषांनी यायचं नसतं.

एरवी दहीभात, हिरवा खण, बांगड्या, एवढंच असतं. पण एखाद्या सुनेचं काही अडलं असेल, तर त्या वर्षी पान बघतात. घरातल्या कुवारणीनं कातळावरचं एक सुकून मिटलेलं पान खुडायचं आणि झऱ्याच्या पाण्यानं भरलेल्या वाटीत ठेवायचं. ओटी, नैवेद्य, आरती होईपर्यंत पान उघडलं, तर 'पान उठलं' म्हणतात. सुनेवर आसरांचा राग नाही. नाही उठलं, तर राग आहे, आणि तो उतरेपर्यंत तिनं या घरात राहायचं नाही.

वहिनीला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा झाला नव्हता. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या, त्या चालू होत्या. दादा सकाळी शिफ्टला जाताना म्हणाला, "एवढं पान बघू दे मोठ्या आईला. तिचं समाधान." वहिनी त्याचा डबा भरत होती. तिनं झाकण लावलं आणि म्हणाली, "माझं काय जातंय." ती स्वतः एका पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो. पान वगैरे ती मानत असेल असं मला वाटत नाही. पण ती दमली होती, आणि दमलेलं माणूस हो म्हणतं.

मला भीती वाटत होती ती 'चार महिने' या शब्दांची. आमच्या घरात हे शब्द याआधी एकदा बोलले गेले होते.

मी तेव्हा दुसरीत होते. इंग्लिश मीडियमची पिवळी बस मला रस्त्यावर सोडायची, आणि धाकटी काकी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, मला घ्यायला यायची. तिचं माहेर डोंगराकडचं होतं. तिच्या हाताला गप्प बसता यायचं नाही. चालता चालता ती कशाची तरी पानं तोडायची, चुरगाळायची, वास घ्यायला लावायची. एकदा तिनं एक लहानसं पान माझ्या मनगटावर पालथं ठेवलं आणि वर चापट मारली. पान उचललं, तर माझ्या कातडीवर पांढरं पान उमटलं होतं, शिरांसकट. "चांदीपाला," ती म्हणाली. "म्हेंदीचा रंग चढाय रात जाती. ही बघ, लगी." मी ते मनगट आंघोळीच्या वेळी पाण्याबाहेर धरलं होतं.

तिला मूल होत नव्हतं. माघात तिचं पान बघितलं. मी बाईमाणसात मोडत होते म्हणून मला नेलं होतं. मी वाटीच्या अगदी जवळ बसले होते. पान उठलं नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी तिला बोललं नाही. मोठी आई म्हणाली, "चार महिने जाऊन ये माहेरी. मागनं बघू." संध्याकाळी काकी एक पिशवी घेऊन रिक्षात बसली. एकच पिशवी, कारण चार महिनेच होते.

ती परत आली नाही. चार महिन्यांचं वर्ष झालं. काका आणायला गेले नाहीत, आणि घरात कुणी तिचं नाव घेईना. हळूहळू तिचं नाव न घेणं हाच घरातला नियम झाला, जसा तिन्हीसांजेला केर न काढण्याचा असतो. तिच्या चपला पायरीवर होत्या त्या होत्याच. पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी आली, उन्हाळ्यात ती वाळून झडली. एक दिवस त्या तिथे नव्हत्या. न्हाणीघरातल्या आरशावर तिनं काढून चिकटवलेली मरून टिकली मात्र राहिली. आरसा पुसणारीचा हात तिच्या कडेनं जायचा. मी दात घासताना अशी उभी राहायचे की ती टिकली माझ्या कपाळावर पडावी. मग घाबरून बाजूला व्हायचे.

आणि ताटं. लग्नात तिच्या मामानं दिलेल्या स्टीलच्या भांड्यांवर तिचं नाव घातलेलं होतं. काकांनी एका रविवारी अंगणात बसून ते कानशीनं घासून काढलं. भांडी चांगली जाड होती, टाकून कोण देणार. आजही कधी ते ताट माझ्या वाट्याला येतं. भात संपत आला की बोटाला तो खरखरीत पट्टा लागतो.

मी दहावीत असताना एका दुपारी फोन आला. मोठ्या आईनं घेतला, ऐकला, ठेवला. मग म्हणाली, "सगळ्यांनी डोक्यावरनं पानी घ्या." आम्ही एकेक करून आंघोळी केल्या. आजारी होती म्हणे. एवढंच. संध्याकाळी नेहमीसारख्या भाकऱ्या झाल्या, आणि मला आठवतं ते असं, की सगळ्यांचे केस ओले होते.

मी बोलत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. "हिला बोलायला इंग्लिश लागतं," असं चिडवतात. तसं काही नाही. मला कुठल्याच भाषेत पटकन बोलता येत नाही. मी बघत बसते. झाडं बघायला माणसाला बोलावं लागत नाही, म्हणूनच बहुधा मी वनस्पतिशास्त्राकडे गेले. ("झाडांचं शिकून काय कंपनीत बगीचा लावनार का?" इति मोठी आई.) एम.एस्सी.ला मी नेचे, म्हणजे फर्न, निवडले. कातळावर राहणाऱ्या लहान नेच्यांचं एक कूळ आहे, त्यावर माझं काम होतं.

या कुळातल्यांना फूल नाही, फळ नाही, बी नाही. दगडाच्या चिरेत बोटभर माती साठते, तेवढी त्यांना पुरते. मातीतलं खोड बारीक असतं आणि तपकिरी खवल्यांनी झाकलेलं. देठ काळा, चकचकीत, तारेसारखा, वाकवला तर काडकन मोडणारा. कोवळं पान गुंडाळीसारखं मिटून वर येतं आणि मग सावकाश सुटतं. बीजाणू पानाच्या मागे असतात, अगदी कडेला, आणि पानाची कडच त्यांच्यावर दुमडलेली असते, पदराचा काठ आत मुडपून घ्यावा तशी. भिंगाखाली मी ही मुडप कितीदा पाहिली असेल, पण प्रत्येक वेळी वाटायचं की आत कुणीतरी काहीतरी लपवून ठेवलंय आणि मी ते विचारायला नको.

एका प्रॅक्टिकलला आमच्या मॅडमनी दोन बशांत दोन सुकी पानं ठेवली. दोन्ही याच कुळातली. दोन्ही मळकट, आवळलेली, काळ्या देठाची. बघणाऱ्याला एकच वाटावीत. त्यांनी दोन्हींवर पाणी घातलं आणि आम्हाला दुसऱ्या कामाला लावलं. परत येऊन पाहिलं, तर एक पान सुटलं होतं. आवळलेली टोकं सैल झाली होती, हिरवेपणा आतून वर येत होता. हा चंदेरी नेचा, काकीचा चांदीपाला तो हाच. याच्या पाठीवर पांढरी भुकटी असते. पाणी संपलं की हा मरत नाही. पान आतल्या बाजूला वळवतो, पांढरी पाठ उन्हाकडे करतो आणि थांबतो. महिनोन्महिने थांबतो. खुडलेलं पानसुद्धा पाण्यात उघडतं, त्याला मुळाची गरज नाही. दुसऱ्या बशीतलं पान तसंच होतं. त्याचे अर्धचंद्रासारखे तुकडे देठापासून सुटून पाण्यावर तरंगत होते.

"हा हंसराज," मॅडम म्हणाल्या. "हा उन्हाळ्यासाठी जमिनीत खोड जपतो. पान नाही जपत. पान मेलेलं आहे. त्यावर कितीही पाणी घाला."

माझ्या हातात चिमटा होता. मला काकीच्या वेळची वाटी दिसली. आमच्या घरची, पितळेची. तिच्यात तरंगणारे तपकिरी अर्धचंद्र, आणि मध्ये काळा देठ, जाड केसासारखा. मी तेव्हा वाटीत बोट घालून एक तुकडा बाजूला सारला होता आणि आईनं माझा हात मागे ओढला होता. बोटाला पांढरं काही लागलं नव्हतं. चांदीपाला असता, तर लागलं असतं.

पुढे मी त्या कातळाचा विचार करत राहिले. चंदेरी नेचा उन्हातल्या, वरच्या अंगाला असतो. हंसराज खाली, पाण्याजवळच्या सावलीत. एरवी बायका वर चढून पान खुडायच्या. काकीच्या वर्षी कंपाउंडचं काम चालू होतं आणि वरच्या अंगावर मुरमाचा ढीग टाकलेला होता. तेव्हाची कुवारीण म्हणजे माझी आत्या. तिनं हाताला आलं ते मिटलेलं पान घेतलं. सुकल्यावर, त्यात मुरमाची धूळ बसल्यावर, दोन्ही सारखीच. तिला वेगळं काही माहीत असण्याचं कारणच नव्हतं. कुणालाच नव्हतं.

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? काकी गेली होती. आणि जिचं नाव घ्यायचं नाही, तिच्याविषयी बोलायला सुरुवात कशी करतात, हे मला येत नव्हतं. रात्री मात्र कधी कधी जाग यायची आणि वाटायचं, न्हाणीघरात कुणीतरी आरसा पुसतंय.

आता घरातली कुवारीण मी होते.

भंगाराच्या यार्डातून आम्ही एका रांगेत गेलो. पत्र्याच्या कातरणांचे ढीग उन्हात चमकत होते. पलीकडे पत्रा दाबायचं प्रेस शॉप आहे. तिथला दणका कानाआधी तळपायांना कळतो. झऱ्यापाशी आईनं दगड धुतले, मोठ्या आईनं शेंदूर लावला. वाटी भरून ठेवली, तर दर दणक्याला पाण्यावर एक वर्तुळ उठायचं आणि कडेला जाऊन विरायचं. मोठी आई त्या वर्तुळांकडे बघत हात जोडून बसली.

"जा, आन पान," ती मला म्हणाली. "चांगलं मिटल्यालं बघ."

मी उठले, तेव्हा वहिनीनं माझी ओढणी हलकेच धरली. "ताई," ती अगदी हळू म्हणाली, "उठेल ना?"

ती मायक्रोमीटरवाली वहिनी मला हे विचारत होती. मी मान हलवली असावी.

कातळावर दोन्ही होते. वरच्या चिरांत चंदेरी नेचे पाठ करून बसलेले, पांढरट मुठी. खाली, पाण्याच्या ओलीपासून हातभर अंतरावर, हंसराजाचे काळे देठ आणि त्यांना धरून राहिलेली थोडी तपकिरी पानं. आणखी खाली एका हंसराजानं ओलाव्याच्या दिवसांत आपलं टोक दगडावर टेकवून तिथेच मूळ धरलेलं दिसत होतं. त्याची ती रीत आहे. टोक जिथे टेकेल तिथे नवं झाड.

मी वर चढले. एक पांढरी मूठ खुडली. बोटांना भुकटी लागली. काम सोपं होतं. हे वाटीत ठेवायचं आणि गप्प बसायचं. वहिनी संध्याकाळी आपल्याच घरी येईल, दादाचा उद्याचा डबा भरेल. मला गप्प बसता येतं, तेवढं तर मला येतंच.

पण मग वाटी बरोबर ठरेल. वहिनीच्या बाबतीत बरोबर, म्हणजे काकीच्याही बाबतीत बरोबर. मी स्वतःच्या हातानं ते पक्कं करून ठेवीन, आणि पुढच्या सुनेच्या वेळी इथे मी नसेन, दुसरी कुणी पोर असेल, तिच्या हाताला जे येईल ते ती घेईल. मी तिथे बराच वेळ वाकून उभी होते. खालून आईचा आवाज आला, "काय गं, चक्कर येतीय का?"

मी उतरले, आणि उतरता उतरता हंसराजाचं एक पान खुडलं. दोन्ही वाटीत ठेवली.

"दोन कशाला?" मोठी आई म्हणाली.

मी खाली बसले. माझं उत्तर न देणं घरात मुरलेलं आहे, त्यामुळे तिनं पुन्हा विचारलं नाही. "इंग्लिश मीडियम," ती आईला म्हणाली, आणि वहिनीची ओटी भरायला लागली.

खण, नारळ, तांदूळ. दहीभाताचे सात घास. आईनं आरती सुरू केली. प्रेसच्या दणक्यात तिचा ताल सारखा चुकत होता आणि ती सारखी पुन्हा धरत होती. वॉचमन दुरून एकदा डोकावला, घड्याळाकडे बोट दाखवून गेला. वहिनीनं वाटीकडे पाहिलं नाही. तिची नजर मांडीवरच्या नारळावर होती आणि ती त्याच्या शेंडीचा एक धागा बोटाला गुंडाळत होती. असाच धागा धरून बसलेली काकी मला दिसत होती. कितीही डोळे मिटले तरी दिसत होती. तिनंही वाटीकडे पाहिलं नव्हतं.

पांढरी मूठ आधी कडेनं सैल झाली. मग एक टोक सुटलं, मग दुसरं. पान पाण्यात हळूहळू सपाट होत गेलं आणि त्याच्या पोटातला हिरवा रंग दिसायला लागला.

"उठलं," आई म्हणाली. आरती अर्धीच राहिली. "अवो जाऊबाई, उठलं."

मोठी आई वाकली, बघितलं, आणि तिच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. मला तोवर वाटत होतं की तिला पान न उठायलाच हवं असतं. तसं नव्हतं. तीही घाबरलेलीच होती. तिनं वहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं, हेल्मेट मागे सारून, आणि तिचा गाल कुरवाळला. "रडू नगं. तुझ्यावर काय न्हाई. तू आपल्या घरात ऱ्हा." वहिनी रडत होती, नारळ धरून, आवाज न करता.

मग मोठ्या आईचं लक्ष वाटीतल्या दुसऱ्या पानाकडे गेलं. त्याचे तुकडे सुटून तरंगत होते. दर दणक्याला ते थोडे कडेकडे सरकत होते.

"आनी ह्ये मेल्यालं कशापायी घातलंस गं?" ती म्हणाली, आणि ते काढून टाकायला तिनं वाटीत बोटं घातली.

मी तिचं मनगट धरलं. मोठ्या आईला मी आजवर कधी हात लावलेला नव्हता, पाया पडण्याखेरीज. तिनं माझ्याकडे पाहिलं. आईनं पाहिलं, वहिनीनं पाहिलं. वाटलं, आता आवाज फुटणारच नाही. फुटला. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा.

"धाकट्या काकीच्या वाटीत हे पान होतं, मोठी आई. हे कुणासाठीच उठत नाही."